४४ बिलं, ४८ पानं: सोसायटीच्या जुन्या फॉक्सप्रोसाठी डॉसबॉक्स-एक्स

मी पार्ले पूर्वेला राहते आणि सोसायट्यांचे हिशेब लिहिते. सध्या हातात नऊ सोसायट्या आहेत. त्यांतल्या सहा केव्हाच ऑनलाइन सॉफ्टवेअरवर गेल्या. उरलेल्या तीन अजून १९९६ साली लिहून घेतलेल्या एका फॉक्सप्रोच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणाऱ्या डेटाबेसच्या, प्रोग्रामवर चालतात, आणि गेले आठ महिने हा प्रोग्राम मी नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स-एक्स या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवतेय. त्याबद्दल सविस्तर लिहायचं कारण असं, की मी शोधत होते तेव्हा जे वाचायला मिळालं ते बहुतेक सगळं जुन्या गेम्सबद्दल होतं. गेम अडकला तर पुन्हा पहिल्यापासून खेळता येतो. मला पाच तारखेच्या आत ४४ घरांत बिलं पोचवायची असतात.

‘अजून डॉस?’ हा प्रश्न दर ऑडिटला येतो. तर त्याचं उत्तर आधीच देते. तीनपैकी एक इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. अशा वेळी प्रत्येक सभासदाचा जुना हिशेब बाहेर निघतो. एका सभासदाचा वाद २००४ सालच्या व्याजाचा आहे. थकबाकीवर सालीना २१ टक्के सरळव्याज, कुठली पावती कशात वळती केली, ट्रान्सफर झाला तेव्हा आधीच्या मालकाची बाकी किती होती, हे त्या प्रोग्रामच्या खातेवहीत ओळ न् ओळ आहे. त्याच्या डेटाच्या, म्हणजे डीबीएफ, फाइली लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात, मी उघडूनही पाहिल्या. आकडे दिसतात. पण आलेले पैसे आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं, ते प्रोग्राममध्ये असतं. आणि प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, आता कुणाकडेच नाही. ज्यांनी तो लिहून दिला त्या गृहस्थांना मी फोन केला होता. त्यांच्याकडेही नाही.

जुन्या मशीनवर ३२-बिट विंडोज ७ होतं. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की प्रोग्राम चालू, इतकं सोपं. गेल्या पावसाळ्यात त्याचा मदरबोर्ड गेला. नव्या लॅपटॉपवर फोल्डर आणून क्लिक केलं तर ‘धिस ॲप कांट रन ऑन युवर पीसी’. यात लॅपटॉपचा दोष नाही. प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने चालू असताना जुन्या १६-बिट प्रोग्रामांना लागणारी व्हर्च्युअल ८०८६ ही सोय त्यात मिळत नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमधून डॉसचे प्रोग्राम चालवणारा भागच काढलेला आहे. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं. कम्पॅटिबिलिटीच्या खिडकीत कितीही खुणा केल्या तरी उपयोग नाही. माझे दोन दिवस त्यात गेले, तुमचे घालवू नका.

आधी साधा डॉसबॉक्स घेतला. २००२ पासून आहे, फुकट आहे, आणि त्याची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ ची. तो प्रोसेसरसकट अख्खं जुनं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो, त्यामुळे विंडोज कितीही नवं असलं तरी आतल्या प्रोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही. माऊंट या कमांडने एखादं फोल्डर त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचं. इथे पहिला सल्ला: विंडोजचा खरा सी ड्राइव्ह आख्खा दाखवू नका. डी ड्राइव्हवर ‘हिशेब’ अशा अर्थाचं आठ अक्षरांच्या आतलं इंग्रजी नाव देऊन एक फोल्डर करा आणि तेवढंच दाखवा. नाव लांब असेल तर आत ते सहा अक्षरं, मग एक नागमोडी खूण आणि आकडा असं छाटून दिसतं, आणि प्रोग्राममध्ये रस्ता पक्का लिहिलेला असला की तिथेच गाडी अडते. क्लाउडला आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरात तर डेटा मुळीच ठेवू नका. प्रोग्राम लिहीत असतानाच सिंकवाला अर्धवट फाइल उचलू शकतो.

तर प्रोग्राम उघडला. निळा पडदा, पिवळी अक्षरं, वरती सोसायटीचं नाव. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ६३२ केबी मेमरी मोकळी दाखवत होता. जुन्या काळी नेटवर्कचा ड्रायव्हर चढवल्यावर एवढी मेमरी आम्हाला कधी बघायला मिळाली नाही.

मग व्याज आकारणीचं बटण दाबलं. पूर्वी चहा गाळेपर्यंत होणारं काम, चहा पिऊन कप धुऊन झाला तरी चालूच. डॉसबॉक्समध्ये वेग ‘सायकल्स’मध्ये मोजतात आणि साध्या, जुन्या पद्धतीच्या (रिअल मोडच्या) प्रोग्रामला तो ३००० सायकल्स देतो, म्हणजे फारच जुन्या मशीनचा वेग. भाच्याला फोन केला. “मावशी, मॅक्स कर ना सरळ,” तो म्हणाला. मॅक्स केलं. प्रोग्राम उघडताक्षणीच ‘डिव्हाइड बाय झीरो’ सांगून बंद.

हा दोष डॉसबॉक्सचा नव्हे, हे समजून घ्यायला मला वेळ लागला आणि म्हणून ते नीट सांगते. त्या काळचे बरेच प्रोग्राम उघडताना मशीन किती वेगवान आहे ते मोजत. एक ठरावीक चक्कर मारायची, तिला घड्याळाचे किती ठोके लागले ते पाहायचं आणि त्याने भागायचं. मशीन इतकं जलद असलं की चक्कर एका ठोक्याच्या आत संपते. मग ठोके शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. फॉक्सप्रोची डॉसवरची जुनी आवृत्ती याला बळी पडते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ देतात त्याचं मूळही जवळपास असंच: तिथे भागाकाराचं उत्तर ठरलेल्या जागेत मावत नाही. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची मशीनं आली तेव्हा हे सुरू झालं. म्हणजे रोग वेगाचा आहे, आणि औषध वेग बांधून टाकणं. मी सायकल्स ‘फिक्स्ड’ करून २५००० ठेवल्या. हा साधारण ४८६ च्या आसपासचा वेग. आकारणी पाऊण मिनिटात होते, प्रोग्राम उघडताना कुरकुर करत नाही, आणि लॅपटॉपचा पंखाही ओरडत नाही. चालू असताना कंट्रोल-एफ११ ने वेग कमी आणि कंट्रोल-एफ१२ ने जास्त होतो. तेव्हा आकडा चाचपडत शोधा. दुसऱ्याचा आकडा तसाच उचलू नका.

इथपर्यंत साध्या डॉसबॉक्सनेच भागलं असतं. पण पी दाबून बिल छापायला गेले तर ‘प्रिंटर नॉट रेडी’. साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरचं पोर्टच नाही. गेमला प्रिंटर कशाला लागतो? मी मात्र ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीची पॅरलल केबल घेऊन आले. दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं की हिने चालेलच. अशी केबल लावली की विंडोजला एक यूएसबी प्रिंटर दिसतो. एलपीटी-१ पोर्ट तिने तयार होत नाही, आणि डॉसच्या प्रोग्रामला तेवढंच नाव माहीत असतं. केबल वाया गेली असं नाही, माझा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिच्यावरच जोडलेला आहे. पण अडचण तिने सुटली नाही.

सुटली ती डॉसबॉक्स-एक्सने. मूळ डॉसबॉक्सवरूनच निघालेली ही वेगळी शाखा, हीही फुकट. माझ्यासारखं काम असेल तर सरळ इथूनच सुरुवात करा. वरती मेन्यू आहे, बहुतेक सेटिंग तिथूनच बदलतात. ‘टीटीएफ’ नावाचा एक आउटपुट आहे, तो निवडला की प्रोग्रामची अक्षरं विंडोजच्या फाँटमध्ये येतात, स्वच्छ, कापल्यासारखी, हवी तेवढी मोठी करता येतात. दिवसभर आकडे बघणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं सुख आहे ते चाळिशीचा चष्मा लागलेलेच सांगतील. काही फाँटमध्ये चौकटींच्या रेघा तुटतात, तेव्हा फाँट बदलून पाहा.

छपाईचे यात दोन मार्ग आहेत आणि मी दोन्ही वापरते. पहिल्यात पॅरलल पोर्ट एका फाइलला जोडायचं. प्रोग्रामने प्रिंटरला जे जे पाठवलं ते सगळं, अक्षरं, बारीक टाइपाचा १५ नंबरचा कोड, तो बंद करणारा १८ नंबरचा, जसंच्या तसं फाइलमध्ये उतरतं. मग विंडोजमध्ये प्रिंटर शेअर करायचा आणि ती फाइल कॉपी कमांडने ‘बी’ची खूण लावून थेट त्याच्याकडे पाठवायची. ‘बी’ विसरू नका. ती नसली तर मध्येच एखादा विशिष्ट कोड आला की फाइल संपली असं समजून कॉपी तिथेच थांबते. प्रिंटर स्वतःच्या फाँटमध्ये सरसर छापतो, कार्बनची दुसरी प्रत निघते, दहा बाय बाराचा भोकांचा कागद जसा पूर्वी चालायचा तसा चालतो. विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापलं तर तोच प्रिंटर प्रत्येक ओळ चित्र म्हणून काढत बसतो. रिबनही लवकर जाते.

दुसरा मार्ग डॉसबॉक्स-एक्सच्या आतल्या आभासी प्रिंटरचा. तो एप्सनच्या भाषेत बोलणारा प्रिंटर असल्याचं सोंग घेतो आणि कागदाऐवजी पोस्टस्क्रिप्ट फाइल देतो. तिची पीडीएफ केली की व्हॉट्सॲपवर पाठवता येते. इथेच मी मोठी चूक केली. पहिल्याच महिन्यात पीडीएफ काढली, पहिलं पान बघितलं, छान दिसलं, आणि सेक्रेटरींना पाठवून दिली. त्यांनी छापून वाटली. संध्याकाळी दोन नंबरच्या फ्लॅटमधून फोन. “ताई, माझ्या कागदाच्या डोक्यावर शेजारच्यांची थकबाकी छापून आलीय. आणि माझं एकूण कुठेच नाही.”

मला घाम फुटला. कुणाची किती बाकी आहे हे शेजारच्याला कळणं म्हणजे काय, हे सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको. पीडीएफ उघडली आणि पानं मोजली. फ्लॅट ४४, पानं ४८.

ते दोन आकडे शेजारी लिहिल्यावर सगळं उलगडलं. आमचं बिल १२ इंची कागदासाठी बेतलेलं आहे. इंचाला ६ ओळी, म्हणजे एका बिलाच्या ७२ ओळी. आभासी प्रिंटरचा कागद, तुम्ही काही सांगितलं नाही तर, साडेआठ बाय अकरा इंच असतो. म्हणजे ६६ ओळी. आमचा प्रोग्राम ‘पान संपलं’ असा कोड पाठवत नाही. तो नुसत्या ओळी मोजून पुढे सरकतो. त्यामुळे पहिल्या बिलाच्या शेवटच्या ६ ओळी, ज्यात थकबाकी, एकूण देय रक्कम आणि खजिनदारांच्या सहीची जागा असते, त्या दुसऱ्या पानाच्या डोक्यावर गेल्या. दुसऱ्याच्या १२ ओळी तिसऱ्यावर. असं घसरत घसरत अकरा बिलांनी बारा पानं खाल्ली. ७२ गुणिले ४४ भागिले ६६, बरोबर ४८.

सेटिंगमध्ये कागदाची उंची इंचाच्या दहाव्या भागात लिहायची असते. ११० होतं ते १२० केलं, रुंदी ८५ ची १०० केली. प्रकरण मिटलं. पुढे ए-फोरवर छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडायचा, कारण ए-फोरची उंची ११.७ इंच, त्यात ७० ओळीच मावतात आणि पुन्हा दोन खाली पडतील. सेक्रेटरींबरोबर मी स्वतः चार मजले फिरून चुकीची बिलं परत घेतली. एक नंबरच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून पहिलं, मधलं आणि शेवटचं अशी तीन पानं वाचल्याशिवाय आणि पानं फ्लॅटांइतकीच आहेत हे मोजल्याशिवाय एकही पीडीएफ माझ्याकडून बाहेर जात नाही. इम्युलेटरची परीक्षा घ्यायची तर अशी घ्या. पडद्यावर मेन्यू दिसला यावर समाधान मानू नका. गेल्या वर्षीचा एखादा महिना घ्या, तो नव्याने छापा आणि जुन्या कार्बन प्रतीशी ओळीला ओळ लावून बघा.

बंद करण्याविषयीही तितक्याच कळकळीने सांगते. कोपऱ्यातल्या फुलीने साधा डॉसबॉक्स तडकाफडकी बंद होतो. आतल्या फॉक्सप्रोच्या दृष्टीने ते भर कामात लाइट गेल्यासारखं आहे. हातातल्या नोंदी फाइलमध्ये गेलेल्या नसतात आणि इंडेक्स बिघडतो. डॉसबॉक्स-एक्स निदान थांबून विचारतो, ‘आत प्रोग्राम चालू आहे, खरंच बंद करू?’ माझ्याकडे मदतीला येणाऱ्या मुलीला मी हेच पहिल्यांदा शिकवलं: आधी प्रोग्राममधून बाहेर, मग ‘एक्झिट’, मग खिडकी. दुसरं शिकवलं ते कंट्रोल-एफ१०. खिडकीत क्लिक केलं की माऊस आत अडकतो आणि बाण नाहीसा होतो. ती घाबरून पॉवरचं बटण दाबायला निघाली होती. साध्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ१० ने तो सुटतो, आणि डॉसबॉक्स-एक्समध्ये मेन्यूतूनही सोडवता येतो. आणखी एक. इम्युलेटर चालू असताना विंडोजमधून त्या फोल्डरात नवी फाइल टाकली तर आत ती लगेच दिसेलच असं नाही. ‘रिस्कॅन’ असं टाइप करा, दिसते.

बॅकअप रोज घेते, प्रोग्राम पूर्ण बंद करून, आख्खं फोल्डर झिप करून दोन पेन ड्राइव्हवर. डीबीएफ एकट्या उचलू नका, सोबतच्या इंडेक्स आणि मेमोच्या फाइलीही हव्यात. दोन मशीनांवरून एकाच वेळी तोच डेटा उघडणं मी पूर्ण बंद केलं. साध्या डॉसबॉक्समध्ये रेकॉर्ड लॉक होत नाही, दोघांनी एकच पावती दुरुस्त केली तर दुसऱ्याचं लिहिणं पहिल्याचं पुसून टाकतं. पैशाच्या कामात हा धोका नको.

काही गोष्टी इम्युलेटरच्या माथी मारू नका. तारखेत वर्षाचे दोनच आकडे घालायची सवय असेल तर फॉक्सप्रो ते विसाव्या शतकातलं धरतो. २६ लिहिलं की १९२६. एका सभासदाला त्यामुळे शंभर वर्षांचं व्याज लागलेलं मी पाहिलंय, तेही खऱ्या डॉसच्या मशीनवर.

डॉसबॉक्स-एक्सबद्दल तक्रार एकच, पर्याय फार. पूर्ण सेटिंगची फाइल उघडली तर संपता संपत नाही, त्यातलं नव्वद टक्के साउंड कार्ड आणि ग्राफिक्सचं. मला लागल्या त्या मोजून पाच-सहा ओळी: सायकल्स, टीटीएफ, पॅरलल पोर्ट, प्रिंटरचा कागद, आणि शेवटी ऑटोएक्झेकमध्ये, म्हणजे सुरू होताच आपोआप चालणाऱ्या भागात, माऊंट करून प्रोग्राम उघडणाऱ्या दोन ओळी. त्या एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवल्या आहेत. छपाई करायची नसेल, नुसती जुनी खाती पाहायची असतील तर साधा डॉसबॉक्सही पुरेल. छपाई असेल तर डॉसबॉक्स-एक्सच. २००४ चा वाद चालू आहे त्या सभासदाची चार वर्षांची खातेवही मी याच मार्गाने छापून कमिटीपुढे ठेवली, जुन्या प्रतीशी पैचाही फरक नव्हता.

एका ठिकाणी मात्र मला हात टेकावे लागले. तिसऱ्या सोसायटीची नव्वदच्या दशकातली इतिवृत्तं मराठीत आहेत, पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टाइप केलेली. मराठी अक्षरं दाखवायचं काम तेव्हा मशीनमध्ये बसवलेलं ते कार्ड करत असे. डॉसबॉक्स काय किंवा डॉसबॉक्स-एक्स काय, कुणीच त्या कार्डाची नक्कल करत नाही. त्यामुळे फाइल उघडते, पण पडद्यावर नुसत्या रेघा, ठिपके आणि परदेशी अक्षरं दिसतात. त्यात १९९८ च्या सर्वसाधारण सभेचा पार्किंगचा ठराव आहे, आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की तो लागणारच. पार्ले ते दादरमध्ये कुणाकडे जिस्ट कार्ड बसवलेलं, अजून सुरू होणारं मशीन असेल तर कृपा करून मला दोन तास बसू द्या. फाइली माझ्याकडे आहेत, प्रिंटर आणि कागद मी घेऊन येईन.